सिंगल कॉइल गिटारची भुणभुण: आधी भिंत, मग वायर, मग गिटार

दुकानात शांत वाजलेली स्ट्रॅट (स्ट्रॅटोकास्टर घाटाची इलेक्ट्रिक गिटार) घरी आणून ॲम्पला जोडली की मागं सततचा ‘घूं’ सुरू होतो, आणि दुसऱ्या दिवसापासून पिकअप (तारांखालचा, त्यांचा आवाज टिपणारा भाग) बदलायच्या गोष्टी सुरू होतात. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात नव्यानं इलेक्ट्रिक गिटार घेतलेल्या पोरांची ही ठरलेली तक्रार. माझं सांगणं एवढंच, की पिकअप बदलणं हा शेवटचा उपाय. बऱ्याच घरांत निम्मा आवाज भिंतीतल्या सॉकेटमुळं असतो, थोडा केबलमुळं आणि उरलेला खरोखर गिटारमधला. क्रम उलटा लावला की पैसे जातात आणि भुणभुण तशीच राहते.

हा आवाज येतो कुठून ते आधी बघू. सिंगल कॉइल पिकअप म्हणजे चुंबकांभोवती केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे सात-आठ हजार वेढे. गिटारची तार हलली की चुंबकीय क्षेत्र बदलतं आणि वेढ्यांत वीज तयार होते, तीच ॲम्पमध्ये जाते. पण तारेनं बदललेलं क्षेत्र आणि शेजारच्या इन्व्हर्टरच्या ट्रान्सफॉर्मरनं बदललेलं क्षेत्र, यात कॉइलला फरक कळत नाही. आपल्याकडची वीज सेकंदाला ५० आवर्तनं करते, म्हणून ऐकू येतो तो ५० हर्ट्झ आणि त्याच्या पटीतला, १००, १५० हर्ट्झचा आवाज. अमेरिकन व्हिडिओंत ‘सिक्स्टी सायकल हम’ म्हणतात ते तिकडच्या ६० हर्ट्झ विजेमुळं. उपाय तेच, सूर वेगळा.

तो सूर ओळखता येतो. गिटारच्या जाड ई तारेवर तिसऱ्या पडद्यावर जी वाजतो, तो ९८ हर्ट्झचा. भुणभुण त्याच्या किंचित वर बसत असेल तर ती विजेचीच. पेटीवाल्यांच्या भाषेत, पांढरी पाच आणि काळी चार यांच्या मध्ये. हार्मोनियमवादक पं. रामभाऊ विजापुऱ्यांच्या बेळगावात हे समजावून सांगायला फार वेळ लागत नाही.

त्रास मात्र दोन जातींचा असतो आणि सगळी गंमत इथंच आहे. एक जाड, गोल ‘घूं’: हा चुंबकीय, ट्रान्सफॉर्मर, मोटर, जुना तांब्याचा चोक यांच्याकडून येणारा. दुसरा पातळ, चिरका ‘झर्रर्र’: हा विद्युत क्षेत्रातून, म्हणजे फॅनच्या इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटरमधून, स्वस्त एलईडी दिव्यांतून, मोबाइलच्या चार्जरमधून येणारा. गिटारच्या आत तांब्याची पट्टी चिकटवली की झर्रर्र कमी होतो, घूं मात्र जवळपास तसाच राहतो, कारण एवढी पातळ पट्टी ५० हर्ट्झचं चुंबकीय क्षेत्र अडवू शकत नाही. ‘शील्डिंग करून काही उपयोग झाला नाही’ म्हणणाऱ्यांत बहुतेकांनी चुकीच्या दुखण्यावर औषध घेतलेलं असतं.

पायरी १: आवाज कुठून आत शिरतोय ते शोधा

काहीही उघडायच्या आधी पाच मिनिटं द्या.

ॲम्पला काहीही न जोडता व्हॉल्यूम नेहमीच्या जागी ठेवा. तरीही मोठ्यानं गुणगुणतोय? मग दोष ॲम्पचा किंवा विजेचा. गिटारला हात लावू नका. (नुसती केबल जोडून मोकळं टोक हवेत धरून बघू नका, ते भुणभुणणारच.)

आता गिटार जोडा आणि गिटारवरचा व्हॉल्यूम शून्य करा. नेहमीच्या वायरिंगमध्ये शून्यावर पिकअपचा आवाज पूर्ण बंद होतो. तरी भुणभुण असेल तर केबल, जॅक किंवा अर्थिंग बघा. बंद झाली तर ती पिकअपमधून येतेय.

व्हॉल्यूम पूर्ण उघडा आणि तारांना हात लावा. आवाज कमी झाला तर गिटारचं ग्राउंड (तारा, जॅक आणि ॲम्पची चेसिस यांना जोडणारी वाट) ठीक आहे. तुमचं शरीर अँटेनासारखं झर्रर्र गोळा करत होतं, ते तारांतून ग्राउंडला गेलं. काहीच फरक पडला नाही तर तारांकडे जाणारी ग्राउंडची वायर तुटलेली असण्याची शक्यता. हात लावल्यावर आवाज वाढला तर जॅकवरच्या दोन वायरी उलटसुलट जोडल्या आहेत का ते तपासा. स्वस्त किंवा कुणीतरी आधी उघडलेल्या गिटारमध्ये हे सर्रास सापडतं.

शेवटी गिटार गळ्यात असतानाच खुर्चीत हळूहळू गोल फिरा. एका दिशेला घूं मोठा, पाव वळसा फिरलात की जवळजवळ नाहीसा, असं झालं तर तो चुंबकीय. ती शांत दिशा लक्षात ठेवा. वाजवायची खुर्ची त्या दिशेला लावणं हा फुकटचा उपाय आहे आणि तो बाकीच्या बऱ्याच उपायांपेक्षा जास्त काम करतो.

पायरी २: भिंत

शहापूर, वडगावच्या जुन्या घरांत सॉकेट तीन छिद्रांचं दिसतं, पण वरच्या मोठ्या छिद्रामागं वायर असेलच याची खात्री नाही. एका घरी वायरमननं प्लेट उघडली आणि शांतपणे सांगितलं, “अर्थिंग हाय की ओ मालक, खरं वायर जोडल्याली नाही.” मीटरजवळ अर्थिंगचा पाइप होता, खोलीपर्यंत हिरवी वायर आलीच नव्हती. ॲम्पची धातूची चेसिस (सांगाडा) तरंगत होती, म्हणजे अर्थिंगला जोडलेलीच नव्हती, आणि गिटारची प्रत्येक तार त्या चेसिसला जोडलेली. भुणभुण हा त्यातला लहान प्रश्न. मोठा प्रश्न शॉकचा.

म्हणून वायरमनला बोलावून मल्टिमीटरनं तीन मापं घ्यायला सांगा. फेज आणि न्यूट्रल यांच्यात साधारण २३० व्होल्ट. फेज आणि अर्थ यांच्यातही जवळपास तेवढेच. न्यूट्रल आणि अर्थ यांच्यात अगदी थोडे. दुसरं माप खूपच कमी आलं किंवा काटा हेलकावे खात असेल तर अर्थिंग नाहीच असं समजा. ही मापं चालू लाइनवर घ्यायची असतात, नवशिक्यानं स्वतः हात घालू नये.

काही ठिकाणी सॉकेटच्या आत न्यूट्रलमधूनच एक तुकडा काढून अर्थच्या पिनला जोडलेला असतो. मीटरला सगळं छान दिसतं, भुणभुणही कमी होते. पण न्यूट्रल मागं कुठं तुटला तर ॲम्पची चेसिस आणि तुमच्या तारा थेट फेजवर येतात. असं जोडलेलं दिसलं तर त्या सॉकेटवर गिटार वाजवणं तिथंच थांबवा.

उन्हाळ्यात अर्थिंग कमजोर होतं, याचं कारण माती. ओलावा गेला की मातीचा विरोध वाढतो. खानापूरकडच्या लाल जांभ्या मातीतून पाणी लवकर उतरून जातं. अथणी, गोकाकच्या बाजूची काळी माती ओल धरते, पण वैशाखात तीही भेगाळते. मीठ-कोळशाचा जुना खड्डा असेल तर मार्चपासून त्यात पाणी घालत राहायचं, हे जुनी माणसं करायची ते उगीच नव्हे.

आता खोली. एक एक वस्तू बंद करत जा आणि कान ॲम्पकडे ठेवा. गोल फिरणाऱ्या नॉबचा इलेक्ट्रॉनिक फॅन रेग्युलेटर हा झर्रर्रचा मोठा उगम. मधल्या वेगावर सगळ्यात वाईट, पूर्ण वेगावर बराच शांत. टकटक पायऱ्यांचा कपॅसिटरवाला रेग्युलेटर बसवला की हा प्रश्न सुटतो आणि खर्चही किरकोळ. जुन्या ट्यूबलाइटचा जड चोक घूं देतो. इन्व्हर्टर तर दोन्ही देतो: आत मोठा ट्रान्सफॉर्मर, आणि स्क्वेअर वेव्हचा असेल तर लाइट गेल्यावर गिटार मधमाश्यांच्या पोळ्यासारखी वाजते. इन्व्हर्टर ज्या भिंतीला टेकलेला असतो तिच्या पलीकडच्या खोलीतही बसू नका, वीट चुंबकीय क्षेत्र अडवत नाही. अंतर मात्र अडवतं. ट्रान्सफॉर्मरपासूनचं अंतर दुप्पट केलं की त्याचं क्षेत्र साधारण आठव्या हिश्शावर येतं. एक मीटरवरून दोन मीटरवर सरकणं म्हणूनच एवढं लागू पडतं. हाच नियम ॲम्पलाही लावा, त्याच्याही पोटात ट्रान्सफॉर्मर आहे. ॲम्पवर पाय टेकवून, गिटार त्याच्या तोंडाशी धरून बसणाऱ्यांनी निदान दीड-दोन मीटर मागं व्हावं.

गल्लीत यंत्रमाग असतील तर दिवसा काही प्रमाणात त्रास राहणारच. रात्री माग बंद झाल्यावर एकदा वाजवून बघा, म्हणजे आपलं किती आणि शेजाऱ्यांचं किती ते कळेल.

पायरी ३: केबल आणि जोडण्या

केबलवर फार लिहिण्यासारखं नाही. चांगल्या शील्डची, गरजेपुरती लांब, तीन ते पाच मीटर. दोन्ही प्लग उघडून बाहेरची जाळी व्यवस्थित डाग दिलेली (सोल्डर केलेली) आहे का बघा. जाळीचा डाग सुटला की प्रचंड भुणभुण होते आणि लोक पिकअपला शिव्या घालतात. पावसाळ्यात इकडच्या दमट हवेत जॅकवर काळपट थर चढतो; त्यानं खरखर होते, भुणभुण नाही. काँटॅक्ट क्लीनरचा एक फवारा पुरतो.

ग्राउंड लूप मात्र समजून घ्या. ॲम्प एका सॉकेटवर, लॅपटॉप किंवा मिक्सर दुसऱ्या खोलीतल्या सॉकेटवर, आणि मधून ऑडिओ केबल: म्हणजे अर्थिंगला जायला दोन वाटा झाल्या, त्यांचं एक मोठं कडं तयार झालं, आणि त्या कड्यात ५० हर्ट्झचा प्रवाह फिरायला लागला. उपाय सोपा आहे, सगळी यंत्रं एकाच एक्स्टेंशन बोर्डावर घ्या. तरीही राहिलं तर ट्रान्सफॉर्मरवाला डीआय बॉक्स (गिटार आणि मिक्सर यांच्या मधे लावायची डबी) घेऊन त्याचं ग्राउंड लिफ्टचं बटण दाबा. ते फक्त सिग्नलचं ग्राउंड तोडतं, विजेचं अर्थिंग शाबूत राहतं.

ॲम्पच्या प्लगची जाड पिन मोडणं किंवा दोन पिनांचा ॲडॉप्टर लावणं हा ‘उपाय’ कुणी सुचवला तर त्याचं ऐकू नका. भुणभुण जाते हे खरं आहे, म्हणूनच तो पसरतो. ३ मे १९७२ रोजी वेल्समधल्या स्वान्सी इथं स्टोन द क्रोज या बँडचा गिटारवादक लेस हार्वे अर्थिंग नसलेल्या मायक्रोफोनला हात लावल्यावर स्टेजवरच गेला. एका हातात अर्थ झालेल्या गिटारच्या तारा, दुसऱ्या हातात माइक, आणि मधून छातीतून प्रवाह.

पायरी ४: गिटार उघडणं

भिंत आणि केबल झाल्यावरही, तारांना हात लावला की कमी होणारा झर्रर्र शिल्लक असेल तरच शील्डिंग करा. सामान: विजेचा वाहक गोंद असलेली तांब्याची पट्टी, मल्टिमीटर, ४० ते ६० वॅटची सोल्डरिंग गन किंवा आयर्न, ६०/४० चं सोल्डर, थोडा बारीक पॉलिश पेपर, इन्सुलेशन टेप. पट्टी ऑनलाइन मागवावी लागते, बाकी सगळं इलेक्ट्रॉनिक्सच्या कुठल्याही दुकानात मिळतं. स्वयंपाकघरातली ॲल्युमिनियम फॉइल वापरू नका, तिच्यावर साधा डाग बसत नाही.

उघडायच्या आधी एक तपासणी. केबल गिटारला जोडा, ॲम्पला नाही. मल्टिमीटर बीपवर ठेवून एक टोक केबलच्या मोकळ्या प्लगच्या लांब दांड्याला लावा, टोकाला नाही. दुसरं गिटारच्या तारेला. बीप आला पाहिजे. नाही आला तर तारांचं ग्राउंड तुटलंय. स्ट्रॅटमध्ये ही वायर मागच्या झाकणाखाली, स्प्रिंगा अडकवलेल्या पंजाला डाग दिलेली असते, आणि ट्रेमोलो हलून हलून नेमकी तिथंच तुटते. टेलिकास्टरमध्ये ती ब्रिजच्या प्लेटखाली नुसती दाबलेली असते. कित्येक गिटारींचं काम एवढ्यावरच संपतं.

पुढं जायचं असेल तर तारा ढिल्या करा आणि पिकगार्डचे (पिकअप बसवलेल्या पुढच्या पाटीचे) स्क्रू काढा. बहुतेक स्ट्रॅटना ते ११ असतात. पिकगार्ड उलटं करायच्या आधी, उलटं केल्यावर आणि प्रत्येक वायर सोडवताना मोबाइलवर फोटो काढा. पांढऱ्या दोन वायरी कुठल्या बाजूच्या, हे तासाभरानं आठवत नाही.

पाटीखालच्या लाकडातल्या पोकळीत पट्टी तळापासून भिंतींवर चढवत न्या आणि वरच्या काठावर अर्धा सेंटिमीटर बाहेर दुमडा, म्हणजे पिकगार्डच्या पाठीवरची पट्टी बसवल्यावर त्याला टेकेल. तुकडे एकमेकांवर चढवा. गोंद वाहक असला तरी दर जोडावर सोल्डरचा एक ठिपका द्या. मग मल्टिमीटरनं एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात बीप येतो का बघा. बीप नाही तो तुकडा असून नसल्यासारखा. पिकगार्डच्या पाठीवरही पट्टी लावा, तिथं पॉट (व्हॉल्यूम आणि टोनच्या नॉबखालचे भाग) घट्ट बसले की त्यांच्या धातूतूनच ग्राउंड मिळतं. पोकळीतल्या पट्टीला एक छोटी वायर डाग देऊन ती व्हॉल्यूम पॉटच्या पाठीवर न्या.

नवशिक्यांचं घोडं अडतं ते या पॉटच्या पाठीवर. २५ वॅटची आयर्न लावून मिनिटभर धरतात, सोल्डर गोळी होऊन घरंगळतं, आणि तोवर आतला कार्बनचा ट्रॅक भाजून निघतो. पाठ पॉलिश पेपरनं चकचकीत घासा, फ्लक्सचा (सोल्डर धरायला मदत करणाऱ्या रसायनाचा) थेंब लावा, जाड टोकाची गरम आयर्न टेकवा आणि सोल्डर आयर्नला नाही, धातूला लावा. तीन-चार सेकंदांत ते पाण्यासारखं पसरलं पाहिजे. पसरलं की आयर्न उचला आणि वायर गार होईपर्यंत हलू देऊ नका. डाग चमकदार आणि सपाट दिसला तर चांगला. भुरकट, फुगीर दिसला तर परत करा.

बंद करण्याआधी सिलेक्टर स्विच आणि जॅकची सिग्नलची टोकं पट्टीला टेकत नाहीत ना ते बघा. टेकली तर गिटार एकदम शांत होईल, पूर्ण शांत. तिथं इन्सुलेशन टेप लावा.

पायरी ५: उरलेला घूं

जाड घूं राहिलाच तर तो कॉइलच्या स्वभावातला आहे. स्ट्रॅटोकास्टर १९५४ साली बाजारात आली, आणि पुढच्याच वर्षी गिब्सनच्या सेथ लव्हरनं हम्बकरच्या पेटंटसाठी अर्ज केला. त्याची युक्ती अशी, की दोन कॉइल, वेढे उलट, चुंबकही उलट: तारेचा सिग्नल दोन्हींत जुळतो आणि बाहेरची भुणभुण एकमेकींना खाऊन टाकते. हाच डाव सध्याच्या बऱ्याच स्ट्रॅटमध्ये मधल्या पिकअपवर खेळलेला असतो. सिलेक्टर दुसऱ्या किंवा चौथ्या जागेवर, म्हणजे मधला आणि शेजारचा पिकअप एकत्र चालतात तिथं, ठेवा. घूं गायब झाला तर तुमचा मधला पिकअप उलट वेढ्यांचा आहे. मग ज्या गाण्यात स्वच्छ तालाचं काम आहे तिथं याच दोन जागा वापरा, एक पैसा खर्च न होता. फरक पडला नाही तर फक्त मधला पिकअप उलट वेढ्यांचा आणि उलट चुंबकाचा बसवून घेता येतो. तीन नवे पिकअप घेण्यापेक्षा ते कितीतरी स्वस्त.

एकावर एक दोन कॉइल रचलेले नॉइजलेस पिकअप आणि सिंगल कॉइलच्या मापातले हम्बकर हे पुढचे पर्याय. ते शांत असतात, पण वरच्या सुरांतली ती काचेसारखी धार थोडी बोथट होते. मला ती धार हवी असते, म्हणून मी थोडी भुणभुण सहन करतो. तुम्ही जास्त डिस्टॉर्शनवर वाजवत असाल तर हिशोब उलटा बसेल, कारण गेन वाढवला की भुणभुणही तेवढीच वाढते.

मंडपात वाजवताना

गणेशोत्सवात किंवा शिवजयंतीच्या चित्ररथावर वाजवायचं असेल तर घरचे नियम पुरत नाहीत. साउंडवाल्याला आधीच सांगा, की बँडचा पुरवठा लायटिंगच्या डिमरपासून वेगळ्या फेजवर दे आणि आपल्या सगळ्या ॲम्पना एकाच बोर्डावर घे. जनरेटर असेल तर त्याची अर्थिंगची सळई जमिनीत ठोकलेली आहे का हे स्वतः जाऊन बघा. भाद्रपदातल्या ओल्या जमिनीवर अनवाणी उभं राहून याबाबत भीडभाड ठेवू नये. ३० मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी (विजेची गळती झाली की पुरवठा तोडणारा स्विच) बोर्डावर असला पाहिजे. आणि माइकला ओठ लावायच्या आधी टेस्टर लावा. दिवा लागला तर गाणं नंतर. पण टेस्टर पेटला नाही म्हणजे सगळं आलबेल, असं धरून चालू नका. अर्थिंग आणि आरसीसीबी हवेतच.

गिटारची केबल विजेच्या केबलला समांतर नेऊ नका. ओलांडावीच लागली तर काटकोनात ओलांडा.

पेडल वापरणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. एकाच ॲडॉप्टरवरून साखळीनं सहा पेडल चालवले की भुणभुण येतेच. शंका आली तर एक पेडल ९ व्होल्टच्या बॅटरीवर चालवून बघा, फरक लगेच कळतो, मग प्रत्येक पेडलला अलग आउटपुट देणारा पॉवर सप्लाय घ्यायचा की नाही ते ठरवा. आणि नॉइज गेट सगळ्यात शेवटी घ्या. तो फक्त तुम्ही थांबलात की दार लावतो. सूर चालू असताना त्याच्या पोटातली भुणभुण जशीच्या तशी राहते, आणि थ्रेशोल्ड (दार लावायची पातळी) जास्त ठेवला तर लांबवलेला सूर मध्येच कापतो. तारांवर हात ठेवून, भुणभुण जेमतेम बंद होईल इथपर्यंतच तो नॉब फिरवा.